निकालाची घाई न करण्याची सवय

समजा, एका कादंबरीत पालघर जिल्ह्यातल्या एडवणच्या किनाऱ्यावर खून झाला आहे. दिवस अमावास्येचा. चौकशीत एक जण सांगतो की, दुपारी बाराच्या सुमारास तो समुद्रावरच होता. पाणी पार ओसरलेलं होतं, तो ओल्या वाळूवरून लांबवर चालत गेला, किनाऱ्याकडे पाठ होती आणि म्हणून त्याला काही दिसलं नाही. पुण्यातला किंवा नागपुरातला वाचक हे वाक्य वाचून पुढे सरकेल. एडवण, कोरे किंवा दातिवऱ्यात वाढलेलं चौदा वर्षांचं पोर मात्र इथे थबकेल. कारण अमावास्येला भर दुपारी या किनाऱ्यावर ओहोटी नसते, भरती असते, आणि तीही उधाणाची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणकिनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात तासाभराचा फरक पडतो, पण भरतीच्या जागी ओहोटी येत नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. अवसेला आणि पुनवेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी सर्वांत जास्त चढतं. मुंबईहून उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जावं तसं हे चढणं-उतरणं वाढत जातं. तेव्हा साक्षीदाराचं म्हणणं खरं असू शकत नाही. तो खोटं बोलतो आहे, किंवा त्याची वेळ चुकते आहे, किंवा दिवस. पण खोटं बोलत असेल तरी खून त्यानेच केला, हे अजून कुठेच सिद्ध झालेलं नाही. कदाचित त्या वेळी तो भलतीकडेच होता आणि ते घरी कळू नये एवढीच त्याची धडपड असेल.

या एका वाक्याभोवती जे घडतं, त्यातच कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या खुनाच्या रहस्यकादंबरीचं सगळं मोल आहे, असं मला वाटतं. या कादंबऱ्या वाचून मुलं हुशार गुप्तहेर होतात, हा दावा पोकळ आहे. त्या वाचकाला संशय घ्यायला लावतात, आणि घेतलेला संशय निकाल म्हणून वापरण्यापासून अडवतात. संशय घेणं माणसाला उपजतच येतं. तो राखून ठेवणं, तपासणं, गरज पडली तर मागे घेणं शिकावं लागतं. तेरा ते अठरा हे वय त्यासाठी फार मोलाचं, कारण याच वयात माणसांबद्दलची मतं झपाट्याने आणि कायमची बनतात. शाळेत पुरावा म्हणजे काय हे विज्ञानाच्या प्रयोगवहीत भेटतं, पण तिथे उत्तर आधीच ठाऊक असतं. रहस्यकादंबरीत ते ठाऊक नसतं, आणि वाचकाला ते मनापासून हवं असतं. म्हणूनच हा धडा तिथे गळी उतरतो.

हा धडा शिकवता यावा म्हणून या साहित्यप्रकाराने स्वतःला काही नियम घालून घेतले. ब्रिटिश लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच भेटला पाहिजे, दैवी शक्तीने उत्तर सुटता कामा नये, आजवर कुणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही, नुसत्या योगायोगाने तपास लागता कामा नये, आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. या नियमांचं सार म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला सचोटीचा करार. नॉक्सच्या यादीत एक नियम आज वाचताना चमत्कारिक वाटतो: कथेत चिनी माणूस नको. त्यामागे एक कारण होतं. त्या काळच्या सवंग इंग्रजी कथांत खलनायक म्हणून सर्रास चिनी माणूस उभा केला जाई, आणि नॉक्सचा टोला त्या आळशी सवयीला होता. परक्यावर बोट ठेवून कथा संपवायची नाही, हे या प्रकारातल्या लेखकांनी एकमेकांना बजावून सांगितलं, ही गोष्ट पुढे आपल्या कामी येणार आहे.

आता प्रश्न असा की, हे सगळं चोरीच्या गोष्टीतून साधत नाही का? कुमारांसाठीचं रहस्यसाहित्य बराच काळ याच समजुतीवर चाललं. अमेरिकेत १९२७ मध्ये ‘हार्डी बॉइज’ आले, १९३० मध्ये ‘नॅन्सी ड्रू’ आली, इंग्लंडात १९४२ मध्ये एनिड ब्लायटनचे ‘फेमस फाइव्ह’ आले. त्यांचे गुन्हेगार बहुतेक वेळा चोर, तस्कर, अपहरण करणारे. मराठीत भा. रा. भागवतांचा बनेश उर्फ फास्टर फेणे याच कुळातला: फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, ‘ट्टॉक’ करणारा किडकिडीत पोरगा. या कथांमधली ऊर्जा धावपळीची आहे. बनेश बदमाशांना पकडतो, कारण तो चपळ आणि धीट आहे. बदमाश कोण, याबद्दल वाचकाला फार काळ घोळात ठेवण्याची गरज तिथे पडत नाही. चोरी झालेली वस्तू परत येते आणि जग पूर्ववत होतं. खुनात तसं होत नाही. ज्याला सगळं ठाऊक होतं तो साक्षीदारच गेलेला असतो, म्हणून सत्य मागे उरलेल्या खुणांमधून आणि इतरांच्या बोलण्यामधूनच उभारावं लागतं. आणि चूक झाली तर तिची किंमत दुहेरी: निरपराध माणूस आयुष्यातून उठतो आणि खुनी मोकळा राहतो. पुराव्याला एवढं वजन दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्यात येत नाही. फास्टर फेणे २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर आला तेव्हा तो वयाने वाढला होता, आणि त्याच्यापुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला गैरव्यवहार आणि एका विद्यार्थ्याचा संशयास्पद मृत्यू होता. बालकथेचा नायक कुमारवयाच्या पुढे गेला की त्याला मृत्यूचं कोडं सोडवावं लागतं, याचा हा आपल्याकडचाच दाखला.

हा प्रकार आज कुठे पोहोचला आहे हे पाहायचं तर हॉली जॅक्सन या ब्रिटिश लेखिकेची २०१९ ची ‘अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर’ ही कादंबरी घ्यावी. लिटल किल्टन नावाचं एक काल्पनिक छोटं इंग्रजी गाव. पाच वर्षांपूर्वी तिथली अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी झाली. तिचा मित्र सल सिंग, भारतीय वंशाचा मुलगा, त्यानंतर जंगलात मृत सापडला. पोलिसांनी आणि गावाने हिशेब जुळवला: सलनेच तिला मारलं आणि स्वतःचा जीव दिला. प्रकरण मिटलं. पिप नावाची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हेच प्रकरण निवडते आणि सलचा भाऊ रवी तिच्या मदतीला येतो. शेवट सांगत नाही. तो महत्त्वाचाही नाही. महत्त्वाची आहे ती मांडणी. कथनाच्या मधोमध पिपच्या प्रकल्पाच्या नोंदी येतात, मुलाखती जशाच्या तशा येतात, नकाशे आणि संशयितांच्या याद्या येतात. प्रत्येक नव्या मुलाखतीनंतर यादी बदलते. कुणी आत येतं, कुणी वरच्या क्रमांकावर सरकतं. वाचकाला दिसत राहतं की काल पक्कं वाटलेलं नाव आज डळमळीत झालं आहे. आणि या सगळ्याच्या मागे सलच्या घरच्यांची पाच वर्षं आहेत. गावाने त्यांना न्यायालयाशिवाय शिक्षा ठोठावलेली आहे आणि ती रोज, दुकानात, रस्त्यावर, नजरांमधून ते भोगताहेत. एका घरावर बसलेला शिक्का पुसायला किती कष्ट पडतात, हे सोळा वर्षांच्या वाचकाला एखाद्या भाषणातून जेवढं कळेल त्याहून कितीतरी जास्त या याद्यांमधून कळतं.

परक्यावर संशय जाणं हे या साहित्यप्रकाराच्या जन्मापासूनच त्याच्या डोळ्यांपुढे होतं. एडगर ॲलन पो याच्या १८४१ मधल्या ज्या कथेपासून आधुनिक रहस्यकथेची सुरुवात मानतात, तिच्यात पॅरिसमधल्या एका घरातून दोन आवाज ऐकू येतात. त्यातल्या चिरक्या आवाजाबद्दल साक्षीदारांना विचारलं जातं. फ्रेंच माणसाला तो स्पॅनिश माणसाचा वाटतो, डच माणसाला फ्रेंचाचा, इंग्रजाला जर्मनाचा, स्पॅनिश माणसाला इंग्रजाचा, इटालियनाला रशियनाचा. प्रत्येक जण जी भाषा आपल्याला येत नाही तिचंच नाव घेतो. सगळे प्रामाणिक आहेत, सगळे ठाम आहेत, आणि त्यांच्या जबानीतून आवाजाबद्दल जेवढं कळतं त्याहून अधिक त्यांच्याबद्दल कळतं: न समजलेली गोष्ट आपण बेलाशक बाहेरच्याच्या नावावर घालतो. पोचा गुप्तहेर या जबान्या फेकून देत नाही. त्यांच्यातला हा मेळ हेरतो आणि तिथूनच उत्तराकडे जातो. जबानी खरी की खोटी, एवढ्यावर न थांबता ती देणारा कुठे उभा राहून पाहतो आहे हे विचारायचं, ही वाचनाची एक स्वतंत्र पायरी आहे.

इथे कुणी विचारेल की, एवढी साधी गोष्ट माणसाला सांगून कळत नाही का, त्यासाठी तीनशे पानं कशाला? त्याचं उत्तर मानसशास्त्रातल्या एका गाजलेल्या प्रयोगात आहे. पीटर वॅसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये विद्यार्थ्यांना तीन आकडे दिले: २, ४, ६. हे आकडे एका नियमाने निवडले आहेत. तुम्ही हवी तेवढी त्रिकं सुचवा, प्रत्येक त्रिक नियमात बसतं की नाही एवढं मी सांगेन, आणि खात्री झाली की नियम ओळखा, असं त्यांना सांगितलं. बहुतेकांच्या मनात ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असलं काहीतरी आलं आणि त्यांनी तशीच त्रिकं सुचवली: ८, १०, १२; २०, २२, २४. प्रत्येक वेळी ‘बसतं’ असं उत्तर मिळालं आणि खात्री वाढत गेली. खरा नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. १, ५, ४० हेही चाललं असतं, पण आपला अंदाज खोटा ठरवू शकेल असं त्रिक विचारण्याची बुद्धी फार थोड्यांना झाली. ही मुलं मंद नव्हती, विद्यापीठात शिकणारी होती. मनात एकदा उत्तर बसलं की त्याला पोषक तेवढंच आपण गोळा करतो, हा स्वभाव उपदेशाने जात नाही. आपण चुकलो, हे पुन्हा पुन्हा आणि फारशी लाज न वाटता अनुभवलं तरच तो थोडाफार ढिला होतो. रहस्यकादंबरी तो अनुभव देते. वर्गात चुकलं की हसं होतं, घरी चुकलं की बोलणी बसतात. कादंबरीत चुकलं की मजा येते. चुकण्याची हौस निर्माण करणारं दुसरं साधन या वयासाठी चटकन आठवत नाही.

न्यायालयंही याच स्वभावाशी झगडत आली आहेत. महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की, आरोपीने गुन्हा केला असू शकेल आणि केलेलाच असला पाहिजे, या दोहोंतलं अंतर लांबचं आहे, आणि तेच धूसर तर्काला पक्क्या निष्कर्षापासून वेगळं करतं. पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात १९८४ मध्ये न्यायालयाने त्याच सूत्राचा आधार घेतला आणि फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला निर्दोष सोडलं. त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या मांडल्या आहेत. निष्कर्ष ज्यावर उभा आहे ती प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाद करायला हवी. आणि पुराव्याची साखळी इतकी सलग हवी की आरोपी निर्दोष असेल असं म्हणायला वाजवी जागाच उरू नये. न्यायालयाने या पाच सूत्रांना ‘पंचशील’ म्हटलं आणि देशभरच्या निकालांत ती आजही उद्धृत होतात. एडवणच्या त्या काल्पनिक साक्षीदाराला या कसोट्यांवर घासून पाहा. भरतीची वेळ सिद्ध आहे, म्हणून त्याचं बोलणं चूक आहे हे सिद्ध आहे. पण ते फक्त खुनाशीच जुळतं का? नाही. दुसऱ्या शक्यता बाद झाल्या का? नाही. साखळीची एक कडी हाती आहे, साखळी नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला जे पाठ करावं लागतं ते रहस्यकादंबरीच्या वाचकाच्या अंगवळणी पडतं, कारण एकाच कडीवर विसंबून त्याने आधीच्या पुस्तकात दोनदा सपाटून मार खाल्लेला असतो.

ही वाचनपद्धत आपल्या इतिहासाला लावून पाहिली तर काय होतं? प्रत्येक मराठी मुलाला एक खुनाची गोष्ट ठाऊक असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात गारद्यांनी मारलं. गोष्ट अशी सांगतात की, रघुनाथरावांनी गारद्यांना नारायणरावांना ‘धरावे’ असं लिहिलं होतं आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ करून त्याचं ‘मारावे’ केलं. आता एखाद्या रहस्यकादंबरीच्या सराईत वाचकाने इथे काय विचारावं? ती चिठ्ठी कुठे आहे? तर ज्या चिठ्ठीवर हा सगळा आरोप उभा आहे तीच अभ्यासकांपुढे नाही. फेरफार कुणी पाहिला? या खुनाचा फायदा कुणाला होणार होता, आणि आनंदीबाईंवर बोट गेलं की कुणाचा भार हलका होतो? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष दिला तो रघुनाथरावांना, आणि देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय सुनावला तोही त्यांनाच. म्हणजे प्रत्यक्ष चौकशी झाली, तिचा निष्कर्षही निघाला, पण लोकांच्या जिभेवर मात्र एका बाईने बदललेलं अक्षर राहिलं, आणि तिचं नाव कारस्थानाचं दुसरं नाव होऊन बसलं. आनंदीबाई निरपराध होत्या असं मला म्हणायचं नाही. त्यांचा हात असू शकेल. असलाच पाहिजे, असं म्हणायला पुरावा पुरत नाही. अडीचशे वर्षं आपण या दोन वाक्यांतलं अंतर न चालताच मुक्कामी पोहोचलो आहोत.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप पालकांचा: कोवळ्या वयात खून कशाला वाचायला द्यायचा? हा आक्षेप मृत्यूच्या उल्लेखाला असेल तर तो टिकत नाही. चौथीच्या इतिहासात अफजलखानाचा वध आहे, आजीच्या गोष्टीत कीचकाचा वध आहे, अभिमन्यूला घेरून मारणं आहे, आणि घरातल्या टीव्हीवर रात्री नऊ वाजता जे चालतं ते याहून भडक असतं. आक्षेप वर्णनाच्या बीभत्सपणाला असेल तर तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर निवडीत आहे. चांगल्या रहस्यकथेत खून बहुधा पडद्याआड झालेला असतो; रक्तापेक्षा दाराची कडी कोणत्या बाजूने लावलेली होती याला महत्त्व असतं. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या बंगाली मासिकात गुप्तहेर फेलूदाच्या कथा सुरू केल्या. त्याच्या साहसांचा निवेदक तोपशे स्वतः कुमारवयीन आहे. ‘कैलासे केलेंकारी’ ही कादंबरी तर मूर्तिचोरांच्या मागावर थेट आपल्या वेरूळच्या लेण्यांत येते आणि तिथे खूनही घडतो. तरीही ती बाराव्या-तेराव्या वर्षी निर्धास्त हातात द्यावी अशी आहे, कारण तिथे मृत्यूचा तमाशा नाही, त्याची चौकशी आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. असली पुस्तकं मुलांना संशयी बनवतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत खुनी शोधायला लावतात, आणि पोलिसांना बाजूला सारून स्वतः तपास करणाऱ्या पोराला डोक्यावर घेतात. यातलं शेवटचं म्हणणं मी मान्य करतो. प्रत्यक्षात शाळकरी मुलाने खुनाच्या साक्षीदारांना गाठत फिरणं धोक्याचं आहे, पुरावा त्याने नासण्याचीही भीती आहे, आणि कादंबरीत खुनी शेवटी सगळं कबूल करतो तसं आयुष्यात क्वचित होतं. समजदार वाचकाने हा भाग कथेची सोय म्हणूनच घ्यावा. पण संशयाबद्दलचा मुद्दा उलट आहे. संशय समाजात आधीच मुबलक आहे; तुटवडा आहे तो त्याला रोखणाऱ्या सवयीचा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. १६ एप्रिल २०२० ला टाळेबंदीत, एडवणच्याच पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. अफवेवर विश्वास ठेवणं ही कुठल्या एका वस्तीची किंवा जमातीची खोड नाही; शहरातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर घरकामाच्या बाईबद्दल किंवा नव्या भाडेकरूबद्दल जे फिरतं तेही याच जातीचं, फक्त तिथे हातात काठी नसते. कादंबरी वाचून जमाव थांबतो असा भाबडा दावा मी करणार नाही. जमावाला थांबवायला पोलीस, प्रशासन आणि गावातली धीराची माणसं लागतात. पण ‘परका आला आणि गुन्हा झाला, म्हणजे गुन्हा परक्याचा’ हा तर्क ज्याने वीस पुस्तकांत वीसदा फसताना पाहिला आहे, त्याला तो संदेश पुढे पाठवताना क्षणभर तरी अवघडल्यासारखं होईल, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

तिसरा आक्षेप साहित्यिकांचा: हे सगळं टाइमपास, याला वाङ्मय कोण म्हणेल? मराठीत या तुच्छतेचा इतिहास मोठा आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी बाबूराव अर्नाळकर या नावाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या नावातलं अर्नाळा एडवणच्या दक्षिणेला, वैतरणेच्या मुखापलीकडेच आहे. त्यांचे झुंजार आणि काळापहाड यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची चटक लावली, पण प्रतिष्ठेच्या चर्चेत त्यांना ओसरीवरच बसवलं गेलं. त्यांच्या लेखनात वेग आणि वेशांतरं भरपूर आणि वाचकाशी पुराव्याचा करार कमी, ही टीका रास्त आहे. पण त्या टीकेतून निघायला हवा होता तो निष्कर्ष असा की, हा प्रकार अधिक चोखपणे लिहिला जावा. निघाला तो असा की, हा प्रकारच हलका. त्यामुळे मधली जागा रिकामी राहिली. गावच्या वाचनालयात एका बाजूला फास्टर फेणेचं कपाट, दुसऱ्या बाजूला मोठ्यांच्या रहस्यकथांचं. सातवीत पहिलं संपवलेल्या मुलाने दुसऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत काय वाचायचं, तर इंग्रजी येत असेल तर हॉली जॅक्सन, नसेल तर मोबाइल. फेलूदा मराठीत आला, तो वाचलाही गेला. पण मुळातच मराठी असलेली, मराठी गावात घडणारी, कुमारांना समोर ठेवून लिहिलेली खुनाची कादंबरी विरळाच.

ती विरळ का असावी याला कारण नाही, कारण सामग्री दाराशी आहे. रहस्यकथेला लागतं ते एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचं छोटं जग आणि वेळेचं काटेकोर गणित. एडवणच्या आसपास ही दोन्ही सहज आहेत. भरतीचं गणित आहेच. सफाळ्याला उतरायचं तर डहाणूची लोकल ठरलेल्या वेळीच मिळते आणि ती चुकली तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. होडी कधी सुटली, कधी लागली, बोंबील कुणी आणि केव्हा वाळत घातले, हे कुणी लपवू म्हटलं तरी गावात दहा जणांना ठाऊक असतं. जवळच तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरची औद्योगिक वसाहत आहे, तिथे देशभरातून माणसं येतात, म्हणजे ‘आपला’ आणि ‘परका’ हा प्रश्नही ओढूनताणून आणावा लागत नाही. असल्या गावात रचलेल्या कादंबरीचा मोठा लाभ वाचकाला होतो: किनाऱ्यावरच्या मुलाला आपलं रोजचं ज्ञान हा पुरावा असू शकतो हे पहिल्यांदाच जाणवतं, आणि शहरातल्या मुलाला आपलं अज्ञान कुठे सुरू होतं ते कळतं.

तोपर्यंत, जे हाताशी आहे ते वाचतानाही एक गोष्ट करता येते, आणि शिक्षकांनी ती वर्गात करून पाहायला हरकत नाही. कादंबरी अर्धी झाली की थांबायचं आणि प्रत्येकाने कागदावर दोन वाक्यं लिहायची: माझा संशय कुणावर आहे, आणि काय कळलं तर मी तो मागे घेईन. पहिलं वाक्य सगळेच भराभर लिहितील. दुसऱ्यापाशी पेन अडेल, आणि अडायलाच हवं, कारण वॅसनच्या विद्यार्थ्यांना नेमका हाच प्रश्न स्वतःला विचारायचं सुचलं नव्हतं. ज्याला दुसरं वाक्य लिहिता येत नाही, त्याच्याकडे संशय नसतो, पूर्वग्रह असतो. पुस्तक संपल्यावर ज्याने खुनी ओळखला त्याला शाबासकी द्यावीच, पण ज्याने पुरावा बदलताच आपलं मत बदललं आणि का बदललं ते सांगितलं, त्याला ती आधी द्यावी.